शिशाची मर्यादा : घरी ओतलेली गोळी आणि बंदुकीची नळी

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांला दिली, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असणार की आम्ही बोनसवर बोलू, कंत्राटी कामगारांवर बोलू, निदान संपांच्या इतिहासावर तरी बोलू. त्या विषयांवर आम्ही वर्षभर फाटकाफाटकांवर बोलतच असतो. वसंतातल्या संध्याकाळी माणसे इथे येऊन बसतात ती काही निराळे ऐकावे म्हणून. तेव्हा आज एका धातूची गोष्ट सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तो धातू म्हणजे शिसे. आणि प्रश्न असा की, ज्या माणसाला आपल्या बंदुकीची गोळी आपल्याच घरी ओतावयाची आहे, त्याने नळी किती व्यासाची निवडावी? प्रश्न अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा आणि नेमबाजांचा आहे, हे आम्ही जाणतो. पण त्याचे उत्तर शोधत गेलो तर उत्पादनाची साधने घरातून कारखान्यात कशी गेली, याचा एक चांगला धडा हाती लागतो.

प्रारंभ आपल्या ओळखीच्या शब्दांपासून करू. 'बारा बोरची बंदूक' हे शब्द आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. बँकेच्या दारावरच्या रखवालदाराच्या खांद्यावर ती आजही दिसते. हे बारा म्हणजे काय? ते इंच नव्हेत आणि सेंटिमीटरही नव्हेत. एक रत्तल, म्हणजे एक पौंड, शुद्ध शिसे घ्यावे आणि त्याच्या सारख्या वजनाच्या बारा वाटोळ्या गोळ्या ओताव्यात. त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. त्याच रत्तलाच्या सोळा गोळ्या केल्या तर नळी सोळा बोरची, आणि अर्थातच अधिक अरुंद. म्हणजे एके काळी नळीचे माप पट्टीने मोजत नसत, मुशीतल्या शिशाने मोजत. बंदूक केवढी घ्यावी, या प्रश्नाचा अर्थच एका रत्तलात किती गोळ्या पडाव्यात, असा होता.

हा हिशेब ज्यांनी फार काटेकोरपणे केला ते अठराव्या शतकातले पेनसिल्व्हेनियाचे वसाहतवाले. लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी तिथे एक लांब नळीची रायफल घडविली. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आत पिळाच्या खोबणी कोरलेल्या असतात ती बंदूक. या खोबणींमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. त्याच काळात इंग्रज सैन्याजवळ जी बंदूक होती तिची नळी आतून गुळगुळीत आणि पाऊण इंच व्यासाची होती. तिच्या गोळ्या रत्तलाला चौदाच्या आसपास पडत. पेनसिल्व्हेनियाच्या रायफलीची नळी पुष्कळदा ०.४५ इंचाच्या आसपास असे, आणि तिच्या गोळ्या रत्तलाला पन्नासावर पडत. लाडू वळणाऱ्या गृहिणीला याचे कारण सांगावयास नको. लाडवाचा व्यास दुप्पट केला की पीठ दुप्पट लागत नाही, आठपट लागते. जंगलात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या माणसाला शिसे पाठीवर वाहून न्यावे लागे. त्याला लहान व्यास परवडे. मारलेल्या जनावराच्या अंगातून गोळी काढून ती पुन्हा मुशीत टाकण्याचीही चाल होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हाताने घडविलेल्या दोन नळ्या कधीच अगदी सारख्या नसत. म्हणून कारागीर प्रत्येक रायफलीबरोबर तिच्यापुरता गोळीचा साचा करून देई. गिऱ्हाईक घरी जाई ते बंदूक आणि तिची टाकसाळ अशा दोन्ही वस्तू घेऊन. चुलीवर शिसे वितळवावे, पळीने साच्यात ओतावे, गार झाल्यावर गोळी काढावी, तेल वा चरबी लावलेल्या चिंधीत बसवून नळीत ठोकावी. सारे काम घरच्या घरी होई. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याला भट्टी लागत नाही, भाकरीची चूल पुरते. लोखंड किंवा तांबे असे चुलीवर वितळत नाही. सामान्य माणसाच्या हाती जे सामर्थ्य होते ते या एका गुणामुळे होते.

त्या सामर्थ्याचा एक नमुना इतिहासात नोंदलेला आहे. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्क शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आला. तो ऐकून जमाव बोलिंग ग्रीन नावाच्या चौकात गेला आणि त्याने राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा खाली ओढला. पुतळ्याला वरून सोन्याचा मुलामा होता, आत शिसे होते. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गावी ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी नेण्यात आले, आणि तिथे घरच्या मुलींनी, मुलांनी आणि शेजारणींनी त्यांच्या गोळ्या ओतल्या. त्यांनी हिशेबही लिहून ठेवला. ४२,०८८ काडतुसे! कोणत्या मुलीने किती केली हेसुद्धा त्यात आहे. राजाच्या पुतळ्याच्या गोळ्या राजाच्या सैन्यावर झाडल्या गेल्या. ही गोष्ट सांगताना अमेरिकन माणसे हसतात. आम्हांला मात्र त्या हिशेबाच्या कागदाचे अधिक वाटते. एका घरच्या चुलीने एका सैन्याला पुरवठा केला, आणि काम करणारांची नावे आकड्यांसह राहिली. आमच्या अनुभवात अशी नावे सहसा राहत नाहीत.

पण वाटोळ्या गोळीची रायफल भरावयास वेळ लागे. गोळी नळीत घट्ट बसली तरच खोबणी तिला फिरविणार, आणि घट्ट गोळी ठोकून बसविण्यास मिनिटभर जाणार. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए यांनी यावर तोड काढली. गोळी लांबट करावी, तिचा बुडखा पोकळ ठेवावा आणि ती नळीहून जरा बारीक ओतावी. ती सहज आत सरकते. दारू पेटली की वायूच्या दाबाने मऊ शिशाचा बुडखा फुगतो आणि खोबणींत रुतून बसतो. शिशाचा मऊपणा हा आजवर केवळ त्याचा स्वभाव होता. मिनिए यांनी त्याला कामाला लावले. इंग्लंडने याच तत्त्वावर १८५३ सालची एनफील्ड रायफल केली. तिची नळी ०.५७७ इंचाची.

ही एनफील्ड हिंदुस्थानात आली आणि तिच्याबरोबर चरबी लावलेली काडतुसे आली. पुढची कथा आपणांस ठाऊक आहे. पण तिच्या आरंभी एक कामगार उभा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे शस्त्रागारातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जात काढून नकार दिला. तेव्हा तो खलाशी म्हणाला की, तुमची जात आता कितीशी राहणार आहे, गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे तुम्हांला दातांनी तोडावी लागणार आहेत. असा वृत्तान्त त्या वेळच्या लष्करी कागदांत नोंदला गेला. जानेवारीअखेरीस सरकारने हुकूम काढला की शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. पण विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठला आणि १० मेला मीरत पेटले.

१८५७ ची कारणे अनेक होती आणि ती सारी एका काडतुसात कोंबण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू की पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता. त्याचे शिसे, त्याचा साचा आणि त्याची चरबी त्याच्या घरची होती. शिपायाच्या तोंडात जी वस्तू जावयाची होती ती कोणी, कुठे, कशाने केली हे जाणण्याचा त्याला मार्गच नव्हता. करणारा एकीकडे आणि वापरणारा दुसरीकडे झाला की मध्ये अफवेला जागा होते. आणि कारखान्यातली वस्तू कशाची झाली आहे हे पहिल्याने कळते ते तिथल्या हमालाला.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. १८६० नंतर धातूच्या पुंगळीचे काडतूस रुळले. पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगीची टिकली, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळी एकदा उडविल्यावर फेकून देण्याचे कारण नव्हते. नवी टिकली ठोकावी, दारू मोजून भरावी, घरी ओतलेली गोळी तोंडाशी बसवावी की काडतूस पुन्हा तयार. १८७३ साली अमेरिकन सरकारने जे काडतूस स्वीकारले त्याला ४५-७०-४०५ म्हणत. पहिला आकडा नळीचा, इंचाच्या शंभराव्या भागांत. दुसरा काळ्या दारूचे ग्रेन. तिसरा गोळीचे ग्रेन. ७,००० ग्रेनांचा एक रत्तल होतो. म्हणजे काडतुसाचे नाव हीच त्याची कृती होती, आणि ते नाव वाचून कोणीही माणूस ते घरी भरू शकत होता.

शिसे निव्वळ वापरले तर फार मऊ पडते, म्हणून त्यात कथील घालीत. सोळा भाग शिशाला एक भाग कथील हे प्रमाण पुष्कळांच्या वापरातले होते. पश्चिमेच्या माळरानांवर रानरेड्यांची, म्हणजे बायसनांची, शिकार करणारे लोक बारुदाची पिंपे आणि शिशाच्या लगडी गाड्यांवर लादून नेत आणि रात्री शेकोटीशी बसून उद्याची काडतुसे भरीत. हे चित्र रम्य वाटेल, पण परिणाम रम्य नव्हता. पूर्वेकडच्या कातडी कारखान्यांना त्या चामड्याची मागणी होती, गिरण्यांच्या यंत्रांचे पट्टे त्यातून होत. एके काळी कोट्यवधींनी असलेले ते जनावर १८८९ साली विल्यम हॉर्नडे यांनी मोजदाद केली तेव्हा साऱ्या उत्तर अमेरिकेत हजाराच्या थोडे वर उरले होते. त्या जनावरावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमातींचे जगणेच त्याबरोबर गेले. साधन घरचे असले म्हणजे त्याचा उपयोग चांगलाच होतो असे नाही. कामगार चळवळीतल्या माणसाने हेही विसरू नये.

यानंतर जो बदल झाला तो या कथेचा कणा आहे. १८८४ साली फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएल यांनी धूर न होणारी दारू केली, आणि १८८६ मध्ये फ्रान्सने तिच्यासाठी ८ मिलिमीटर नळीची लेबेल रायफल काढली. काळ्या दारूने ४५-७० ची गोळी सेकंदाला सुमारे १,३५० फूट जाई. नव्या दारूने वेग दोन हजारांच्या पलीकडे गेला आणि वीस वर्षांत २,७०० वर पोहोचला. या वेगाला उघडे शिसे टिकेना. ते खोबणींची पकड सोडून सरळ घसरू लागले आणि नळीच्या आत थर देऊन बसू लागले. स्विस अधिकारी एदुआर्द रुबिन यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत यावर उपाय काढला होता, तो म्हणजे शिशावर तांब्याचे कवच. कवच आले आणि नळी अरुंद झाली. इंग्लंडने १८८८ मध्ये ०.३०३ इंच घेतले, अमेरिकेने १८९२ मध्ये ०.३० इंच.

लष्करी दृष्टीने हे सारे सयुक्तिकच होते. हलकी काडतुसे शिपाई अधिक नेऊ शकतो, गोळी सपाट जाते, धूर दिसत नाही. पण तांब्याचे कवच चुलीवर होत नाही. त्याला पत्रा ओढणारी यंत्रे लागतात. धूरहीन दारू घरी होत नाही, तिला रसायनांचा कारखाना लागतो. अडीचशे वर्षे जी गोष्ट पळीने होत होती ती एका पिढीत यंत्राच्या स्वाधीन झाली. हातमागाच्या बाबतीत जे घडले तेच गोळीच्या बाबतीत घडले. फरक एवढाच की विणकरांच्या हालांवर ग्रंथ झाले, पळीची आठवण मात्र कोणी फारशी ठेवली नाही.

आपल्याकडे हा पालट खडकीला दिसतो. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. लष्करी रायफलींची काडतुसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या झाली. डमडमच्या कारखान्याने १८९० नंतर ३०३ च्या गोळीचे टोक कवचाबाहेर उघडे ठेवले. मऊ शिसे अंगात शिरून पसरावे हा त्यातला हेतू. १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळीवर बंदी घातली. तेव्हापासून त्या गावाचे नाव जगभर एका क्रूर वस्तूला चिकटले आहे. सामान्य माणसाच्या हाती मात्र काहीच उरले नव्हते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक बाळगण्यालाच परवाना लागू लागला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्याला बंदी आहे, आणि ती असावी असेच आमचे मत आहे. म्हणून घरी गोळी ओतण्याचा जो छंद पुढे वाढला तो अमेरिकेत वाढला.

तिथे घरच्या ओतकामाचे प्रेत झाले नाही, याला दोन कारणे घडली. एक कारण जर्मन स्थलांतरितांची नेमबाजी मंडळे. ही माणसे २०० यार्डांवर उभ्याने नेम धरीत आणि शिशाच्या गोळीवाचून दुसरी गोळी त्यांना चालत नसे. त्यांची आवडती मापे ३२-४० आणि ३८-५५ ही होती. पहिल्या महायुद्धात जर्मन नावाविषयी जो राग उसळला त्यात ही मंडळे बहुतेक बुडाली, पण त्यांची विद्या राहिली. दुसरे कारण न्यू हेवन येथील जॉन बार्लो. यांनी १८८४ साली गोळ्यांचे साचे आणि काडतूस भरण्याची अवजारे करण्याचा धंदा काढला. त्यांचे एक अवजार पकडीसारखे होते. त्याच्याच एका टोकाला साचा आणि मध्ये काडतूस भरण्याची सोय. बरोबर स्वस्त माहितीपुस्तक मिळे. कारखान्याने जे घरातून नेले त्यातले थोडे एका कारखानदाराने पकडीच्या रूपाने परत आणून दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपण मूळ प्रश्नाशी येतो. अशा माणसाने नळी कोणती घ्यावी? शंभर वर्षांच्या अनुभवाने जे ठरले ते असे.

पहिली गोष्ट वेगाची आणि पिळाची. ४५-७० च्या लष्करी रायफलीत खोबण २२ इंचांत एक फेरा घेई. ३८-५५ मध्ये १८ इंचांत, ३२-४० मध्ये १६ इंचांत. १९०६ साली अमेरिकेने जे ०.३० इंचाचे लष्करी काडतूस घेतले त्याच्या नळीत १० इंचांतच फेरा पुरा होतो. याचा हिशेब मांडून पाहा. जुनी गोळी सेकंदाला सुमारे ७३५ वेळा स्वतःभोवती फिरे. १९०६ ची ३,२०० वेळांहून अधिक फिरते. इतक्या गरक्यात ओतकामातला लहानसा दोषही गोळीला भरकटवतो. मंद पीळ आणि मध्यम वेग हे शिशाच्या प्रकृतीला मानवतात.

दुसरी गोष्ट दोषाच्या प्रमाणाची. चुलीवरचे ओतकाम कितीही जपून केले तरी आत एखादा हवेचा बुडबुडा राहतोच. समजा, त्यामुळे एक ग्रेन शिसे कमी पडले. ४०५ ग्रेनांच्या गोळीत ही उणीव चारशेंत एक झाली. बावीस व्यासाच्या ५० ग्रेनांच्या गोळीत तीच पन्नासांत एक होते. म्हणून नवशिक्याने लहान आणि वेगवान नळीच्या नादी लागू नये, असे जाणते सांगतात. मॅसॅच्युसेट्सचे डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे गोळीच्या गतीच्या प्रयोगांत घालविली आणि १९०९ साली आपला ग्रंथ छापला. त्यांनी दाखविले की गोळीचे नाक थोडे चेपले तर फारसे बिघडत नाही, पण बुडखा जरासा वाकडा झाला तर नेम गेलाच. कारण नळी सोडताना वायूचा शेवटचा धक्का बुडख्यालाच बसतो. तेव्हापासून ओतणारा माणूस गोळी उचलून प्रथम तिचे बूड पाहतो.

तिसरी गोष्ट मापाची. गोळी खोबणीच्या व्यासाहून इंचाच्या हजाराव्या भागाने, फार तर दोन भागांनी, मोठी हवी. ती बारीक राहिली तर कडेने तप्त वायू निसटतो आणि शिसे वितळवून नळीला चिकटवतो. ३०३ च्या लष्करी नळ्या घाईघाईने लाखांनी केलेल्या, त्यांची मापे एकसारखी निघत नाहीत. कारखान्याची गोळी एकाच मापाची, ती सर्व नळ्यांना सारखी बसणार नाही. घरी ओतणारा मात्र मऊ शिशाची कांडी नळीतून ठोकून काढतो, तिचे माप घेतो आणि त्या नळीपुरता साचा निवडतो. पेनसिल्व्हेनियाच्या कारागिराचा नियमच हा. यंत्रयुगात घराला उरलेला हा एक खरा फायदा आहे.

यावरून निवड सुचते. जो पहिल्यानेच या कामाला हात घालतो त्याने ४५-७० किंवा ३८-५५ घ्यावी. जड गोळी आणि मंद वेग, चुका पोटात घालणारी नळी. ज्याला लहान व्यास हवा असेल त्याने १८९५ सालची ३०-३० घ्यावी. तिचा पीळ १२ इंचांचा, वेग बेताचा. तिच्यासाठी कठीण मिश्रण करावे आणि गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवावी. ती वाटी म्हणजे रुबिन यांच्या कवचाशी घराने केलेली तडजोड होय. त्यापुढचे वेग शिशाचे नव्हेत.

कठीण मिश्रण आणावयाचे कोठून? अमेरिकन छंदवाल्याने त्यासाठी भंगाराचा धांडोळा घेतला. मोटारीच्या चाकाचा तोल साधण्यासाठी जी वजने लावीत त्यांत शिसे आणि थोडे अँटिमनी असे. आता अनेक राज्यांनी शिशाच्या वजनांना बंदी केली आहे, त्यामुळे जस्ताची वजने त्यात मिसळून मुशीत खोळंबा करतात. दुसरे भंगार छापखान्याचे. लायनोटाइप यंत्राच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. शुद्ध शिशाच्या चौपट कठीण, आणि वितळते मात्र शिशाच्या कितीतरी आधी. छापखाने ऑफसेटकडे वळले तेव्हा ही ओळीच्या ओळी धातूची रद्दी गोळ्या ओतणारांच्या मुशीत गेली.

हे वाचले तेव्हा आमच्या हातातले पुस्तक क्षणभर खाली गेले. कारण हा धातू आमच्या ओळखीचा आहे.

१९८० नंतरच्या दशकात, शाळा सुटल्यावर, आम्ही एका तालुक्याच्या गावी छापखान्यात खिळे जुळविण्यास लागलो. आमचे सारे शिक्षण त्या केसपाशी उभ्याने झाले. लग्नपत्रिका, पंचायतीच्या नोटिसा, कधी एखाद्या प्राध्यापकांचा इतिहासग्रंथ. अक्षरे उलटी वाचत वाचत आम्ही सुलटी शिकलो. जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तो १८६९ साली, म्हणजे खडकीचा कारखाना निघाला त्याच साली. एके ठिकाणी शिशाचे खिळे आणि दुसरीकडे शिशाच्या गोळ्या. धातू एकच. आम्ही खिळे हाताळलेल्या काळ्या बोटांनीच भाकरी खात होतो. शिसे अंगात जाते हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. मालक शनिवारी गुळाचा खडा देत, त्याने विष उतरते अशी समजूत. आमच्या शेजारी उभे राहणारे एक वयस्क जुळारी होते. त्यांच्या पोटात कळा येत, आणि पुढे उजवे मनगट लुळे पडले. हात पुढे केला की पंजा खाली लोंबे. डॉक्टरकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यात नोंद करावयाच्या रोगांची जी यादी होती तिच्यात पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. आम्ही आयुष्यात पहिली मागणी केली ती पगारवाढीची नव्हती. एक नळ, साबणाची वडी आणि जेवावयास निराळी जागा. ती मान्य होण्यास चार महिने लागले.

आज अमेरिकेत गोळी ओतणाऱ्यांसाठी जी माहितीपुस्तके निघतात त्यांत हेच तीन नियम असतात. ओतताना खाऊ पिऊ नये, मोकळ्या हवेत काम करावे, हात साबणाने धुवावेत. मुशीच्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका वरच्या मळीची पूड आणि बोटांवरचा थर यांचा, आणि तो मुलांना सर्वांत अधिक. रक्तातले शिसे अमुक इतके चालेल अशी निर्धोक मर्यादा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जनावराच्या मांसात राहिलेल्या तुकड्यांमुळे काँडोर नावाची गिधाडे मरत होती, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी केली. लिचफील्डच्या त्या मुलींच्या हिशेबात ४२,०८८ हा आकडा आहे. त्यांच्या बोटांना लागलेल्या शिशाचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही, कारण तो ठेवावयाचा असतो हेच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. आमच्या जुळाऱ्याच्या वेळी ते ठाऊक होते. फक्त ते त्याला ठाऊक नव्हते. या दोन अज्ञानांत फार अंतर आहे.

तेव्हा मित्रहो, नळीच्या व्यासाचा प्रश्न वरून दिसतो तसा ताकदीचा नाही. शिसे किती वेग सोसते, त्या मर्यादेत राहिलात तर वस्तू तुमच्या चुलीवर होते. मर्यादा ओलांडलीत की ती कारखान्याची होते. राज्यांनी वेग निवडला आणि गोळी घराबाहेर गेली. अमेरिकेतल्या छंदवाल्याने संथ नळी निवडून तिच्यातला थोडा भाग घरी ठेवला. आम्ही काही गोळीचे भक्त नाही. गोळी कामगारांच्या मोर्चावर कशी येते हे मुंबईने पाहिलेले आहे. खडकीच्या आणि इतर दारूगोळा कारखान्यांची व्यवस्था १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी मंडळाकडून कंपन्यांकडे गेली. कामगार संघटनांनी तिला विरोध केला, तोही आम्ही जवळून पाहिला. परंतु धातू कुणाच्याही चुलीवर वितळो, शेतकऱ्याच्या, कंपनीच्या किंवा छापखान्याच्या, त्याच्याजवळ उभे राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. त्या धातूचे सामर्थ्य कुठवर आहे, आणि तो आपल्या अंगाला काय करतो. पहिली गोष्ट बार्लो यांच्या स्वस्त पुस्तकात होती. दुसरी आम्हांला एका लोंबणाऱ्या पंजाने शिकविली.

ते जुळारी गेले त्याला आता वर्षे झाली. छापखाना बंद झाला तेव्हा सारे खिळे किलोवर भंगारात गेले. त्यांचे पुढे काय झाले हे आम्हांस माहीत नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत एक मराठी 'क' तेवढा उरला आहे. मुले हातात घेऊन पाहतात. पाहून झाल्यावर आम्ही त्यांना नळाकडे पाठवितो.